करंजाखालचे चार गुरुवार

“तिनंच सांगितलं होतं, प्रार्थना करा म्हणून. मी केली. यात माझं काय चुकलं, आत्या?”

आत्या भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“मला उत्तर पाहिजे,” पाळकसाहेब म्हणाले.

आत्यानं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

“कितव्यांदा विचारताय?”

“तिसऱ्यांदा.”

“मग आधी जेवा.”

मी तिथंच लसूण सोलत बसले होते, म्हणून हे मला ठाऊक. एरवी मोठ्या माणसांच्या बोलण्यात मी नाक खुपसत नाही. खुपसते, पण बेतानं.

आता कोण कोण ते सांगते, नाहीतर तुमचा घोळ व्हायचा.

आत्या म्हणजे रिबकाबाई पाटोळे. वय अठ्ठ्याहत्तर. मिशन कंपाउंडातल्या शेवटच्या खोलीत एकटी राहते. उभा जन्म बायबलबाई म्हणून, घरोघर बायबल वाचून दाखवत, खेडोपाडी पायी फिरली. बायकांना अक्षर शिकवलं, अडलेली बाळंतपणं केली. स्वतःचं शिक्षण चौथी. सगळं गाव तिला आत्या म्हणतं.

गेली एकवीस वर्षं दर गुरुवारी आत्या जिल्ह्याच्या तुरुंगासमोर जाऊन बसते. रस्त्याच्या अलीकडे करंजाचं झाड आहे, त्याच्याखाली. गुरुवार हा मुलाखतीचा दिवस. आतल्या माणसाला जाळीआडून वीस मिनिटं बघायचं, त्याला मुलाखत म्हणतात.

आत जाताना मोबाइल चालत नाही. पिशवी चालत नाही, डबा चालत नाही. बाई पहाटेची एसटी धरून आलेली असते. तिनं सामान ठेवायचं कुठं? चहावाल्याला विचारलं तर तो म्हणतो, ही काय धर्मशाळा आहे का.

आत्या म्हणते, इकडे आण.

एवढंच तिचं काम. सामान सांभाळायचं आणि पाणी द्यायचं. चर्चच्या मंडळीतून कुणाच्या घरी ज्वारी जाते, कुणाच्या पोरीला दप्तर जातं, पण तेही गुपचूप. शेजारपाजारी विचारलं तर माहेरून आलंय म्हणायचं. आत्याला खोटं बोलवत नाही, म्हणून ती ज्वारी माझ्या हातून पाठवते. मला बोलवतं.

आणि मी कोण? मी जिजा. अकरा वर्षांपूर्वी मीही त्या रस्त्यावर पिशवी घेऊन उभी होते, कडेवर सहा महिन्यांचं पोर. माझा नवरा साडेतीन वर्षं आत होता. कशासाठी ते सांगणार नाही. आत्यानंही कधी विचारलं नाही. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक आहे, त्यावरूनही तिनं कधी अवाक्षर काढलं नाही. नुसती म्हणाली, पाणी देऊ?

त्या दिवशी मी इतकी रडले की मुलाखतीची वेळ चुकायची बाकी राहिली. नवरा आता बाहेर आहे, पंक्चरचं दुकान आहे, बरं चाललंय. पण गुरुवार मी सोडला नाही. आत्याच्या उपकारातून मी उतराई व्हायची नाही, आणि मला व्हायचंही नाही.

एक गोष्ट मात्र मला कधी कळली नव्हती. मुलाखत करून बाया परत येतात, आपापली पिशवी उचलतात. तेव्हा आत्या प्रत्येकीला हात जोडते आणि म्हणते, “उपकार झाले, बाई.”

उन्हात दिवसभर बसायचं हिनं, आणि उपकार म्हणे त्यांचे. मी म्हातारपणाची सवय म्हणून सोडून दिलं होतं.

मग चर्चला आले हे नवे पाळकसाहेब. शमुवेल भांबळ. वय अठ्ठावीस, पुण्याहून धर्मशिक्षणाची पदवी घेऊन आलेले. आवाज खणखणीत. माणूस वाईट नाही हो, अजिबात नाही. पहिल्याच महिन्यात चर्चची गळकी कौलं स्वतः वर चढून बदलली. पण बोलायला लागले की समोरच्याला वही काढून लिहून घ्यावं असं वाटायचं, आणि साहेबांनाही तसंच वाटायचं.

रविवारी उपासना संपली की पाळक दाराशी उभा राहतो. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवतो, चार शब्द बोलतो. आत्याला हाताला धरून मीच नेते-आणते, म्हणून मीही त्या रांगेत असते. पहिल्याच रविवारी साहेबांनी आत्याचा हात धरून विचारलं, “आत्या, प्रार्थना ऐकू आली ना?”

आत्या म्हणाली, “नाही, पाळकसाहेब. नाही ऐकू आली.”

पुढच्या रविवारी माइक आला. साहेबांनी पुन्हा विचारलं. आत्या पुन्हा नाही म्हणाली.

मला नवल वाटलं. कारण शेजारच्या खोलीत चमचा पडला तरी आत्याला ऐकू येतो, आणि तो कुठला चमचा तेही ती सांगते.

तिसऱ्या रविवारी साहेबांनी कौलांवर भोंगा बसवला. लग्नाच्या मांडवाला लावतात तसला. तोंड बाहेर, गल्लीकडे.

त्या गल्लीत अलका गुंजाळ राहायची.

अलका तीन वर्षांपूर्वी आमच्या गावात आली. एका खोलीत शिलाई मशीन, पिको-फॉल करते. तिची पोरगी कार्तिकी, नऊ वर्षांची. नवरा दिनकर आत आहे. हे आत्याला आणि मला ठाऊक होतं, गावाला नव्हतं. कार्तिकीलाही नव्हतं. बाप गुजरातला ट्रकवर आहे, लांबच्या खेपा करतो, असं तिला सांगितलेलं.

पोरगी शाळेतून येताना हमरस्त्याला थांबायची. गुजरातच्या नंबरचा ट्रक दिसला की हात हलवायची. दिवसाला किती दिसले ते वहीत लिहायची. ती वही अलकानं मला एकदा दाखवली होती. दाखवताना ती हसत होती आणि मी नुसती पानं उलटत होते.

नवे पाळक आले तेव्हा आत्या त्यांना अलकाच्या घरी घेऊन गेली. साहेब प्रेमानं बोलले. अलकाचा जीव भरून आला. उठताना ती हळूच म्हणाली, यांच्यासाठी प्रार्थना करा. शिक्षेवरच्या अपिलाची तारीख जवळ आली होती.

आता ख्रिस्ती मंडळींत एक रीत आहे. कुणी आजारी, कुणाची परीक्षा, कुणाची अडचण असली की रविवारी पाळक ती विनंती वाचून दाखवतो आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. चांगली रीत आहे. माझ्या पोराला कावीळ झाली तेव्हा त्याचंही नाव घेतलं होतं त्यांनी, आणि मला फार आधार वाटला होता.

साहेबांनी त्या रविवारी डोळे मिटले, आवाज लावला. “हे प्रभू, आमची भगिनी अलका गुंजाळ हिचा पती दिनकर तुरुंगात खितपत पडला आहे...”

भोंगा चांगला होता. पार पिठाच्या गिरणीपर्यंत ऐकू गेलं.

सोमवारी शाळेत एका पोरीनं कार्तिकीला विचारलं, तुझा बाप चोर आहे का गं?

मंगळवारी अलकाकडे ब्लाउज टाकलेल्या दोन बाया कापड परत मागायला आल्या. बुधवारी तिनं दार लावून घेतलं. मी खिडकीशी गेले तेव्हा ती बांधाबांध करत होती. भावाकडे जाते म्हणाली, जिंतूरला. आणि मुलाखतीला? मी विचारलं. ती म्हणाली, “आता तिकडं तोंड करून झोपायचंही नाही मला. माझी मीच माती खाल्ली, तुमच्या लोकांना सांगितलं.”

तुमच्या लोकांना. मला म्हणाली हो ती, खंडोबाच्या माणसाला. पण राग यायची सोय नव्हती, तिचं खरं होतं.

कार्तिकी मशीनपाशी बसली होती. रडत नव्हती. हमरस्त्याला थांबायचं तिनं बंद केलं होतं.

हे सगळं झालं आणि त्याच दिवशी पाळकसाहेब आत्याच्या चुलीपुढे बसून विचारत होते, माझं काय चुकलं.

त्यांनी जेवण केलं. ताट बाजूला सारलं. आत्यानं त्यांना ब्लाउजचं सांगितलं, शाळेचं सांगितलं, ट्रकच्या वहीचं सांगितलं. भोंग्याचं नाव काढलं नाही.

साहेबांचा चेहरा पडला. मग म्हणाले, “पण मुलीला कधीतरी खरं कळायलाच हवं होतं. कदाचित देवाचीच योजना असेल.”

“असेल,” आत्या म्हणाली. “ती देवाची. तुमची नव्हती.”

...

साहेब उठले ते तडक अलकाच्या दाराशी गेले. मी मागोमाग. त्यांनी दार वाजवलं. उघडलं नाही. तर तिथंच उभं राहून, त्या खणखणीत आवाजात, “अलकाताई, मला क्षमा करा! मी तुमच्या पतीविषयी बोलायला नको होतं!”

शेजारच्या चार खिडक्या उघडल्या. गिरणीवाला बाहेर आला. ज्याला रविवारी ऐकू गेलं नव्हतं त्यालाही आता कळलं. मी कपाळाला हात लावला.

मी येऊन आत्याला सांगितलं. साहेब मान खाली घालून उभे.

“माफीपण भोंग्यावरच मागितलीत,” ती म्हणाली.

“मग मी करू तरी काय?”

“उद्या गुरुवार आहे. सामान सांभाळायला या. चार गुरुवार या.”

“सामान? त्यानं अलकाताईंचं काय होणार?”

आत्यानं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

पहिल्या गुरुवारी साहेब आले ते गळ्याला पाळकाची पांढरी पट्टी लावून, बगलेत शुभवर्तमानाच्या पत्रिकांचा गठ्ठा घेऊन. आत्यानं गठ्ठा हातात घेतला, त्यावर स्वतः बसली, आणि तिची गोणपाटाची बैठक त्यांना दिली.

पहिली बाई आली, तिनं पिशवी ठेवली. साहेबांनी मायेनं विचारलं, “ताई, तुमचे यजमान कशामुळे आत आहेत?”

बाईनं पिशवी उचलली आणि चहावाल्याच्या टपरीकडे चालू लागली. तिथं तिला काय ऐकावं लागलं ते आम्हाला लांबूनही दिसत होतं.

“मी आपुलकीनं विचारलं,” साहेब म्हणाले.

“माहीत आहे मला.”

“मग काय विचारायचं इथं?”

“एकच. पाणी देऊ का.”

“आणि ती काही सांगायला लागली तर?”

“ऐकायचं.”

“आणि मग?”

“मग ती पाणी पिऊन जाते.”

दुपारी बाया परतल्या. आत्यानं नेहमीसारखे हात जोडले. उपकार झाले, बाई. उपकार झाले. साहेबांना राहवेना. ते म्हणाले की हे उलटंच चाललंय, उपकार आपण करतोय आणि आभारही आपणच मानतोय. यामागचं तत्त्व काय?

आत्या पदरानं तोंड पुसत म्हणाली, “तुम्ही चार गुरुवार बसणार आहात ना?”

मला वाटलं दुसऱ्या गुरुवारी हे काही यायचे नाहीत. पण आले. पट्टी नव्हती, गठ्ठा नव्हता, साधा सदरा होता. येताना मातीचा माठ आणला होता, स्वतःच्या डोक्यावरून. तेव्हा मला त्यांचं पहिल्यांदा कौतुक वाटलं. एका बाईनं तान्हं पोर त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि तुरुंगाच्या खिडकीशी नाव लावायला पळाली. पोरानं सदरा ओला केला. साहेब हलले नाहीत.

त्या दिवशी आत्या त्यांना म्हणाली, “त्या भोंग्यात माझाही हात आहे. मला ऐकू येत नाही म्हणाले मी, आणि तुम्ही आवाज वाढवत गेलात. तेव्हाच नीट बोलायला हवं होतं मी. मलाही गर्व होता, पाळकसाहेब, आपल्या खोडसाळपणाचा. त्याची किंमत त्या लेकरानं मोजली.”

साहेबांना त्याचा अर्थ लागला नसावा. ते म्हणाले, “तुमच्या कानांचा काय दोष, आत्या.”

आत्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं. पण तिचे डोळे भरले होते, आणि आत्याचे डोळे मी फार वेळा भरलेले पाहिलेले नाहीत.

भोंगा त्याच आठवड्यात साहेबांनी उतरवला. स्वतःच चढले.

तिसऱ्या गुरुवारी एक म्हातारी मुलाखत करून आली. तिचा लेक दिनकरच्याच बराकीत. ती पिशवी घेता घेता सहज म्हणाली की तो गुंजाळ रोज विचारतो, माझी माणसं का येत नाहीत, पोरीला काही झालंय का. जेवण टाकतो म्हणे. काल शिपायानं ओरडून चार घास खायला लावले.

साहेब ताडकन उभे राहिले. “मी जातो अलकाताईंकडे. आत्ता जातो.”

“बसा,” आत्या म्हणाली.

“आत्या, तो माणूस आत उपाशी आहे. माझ्यामुळे.”

“तुमच्यापाशी आत्ता सात पिशव्या आहेत.”

...

ते बसले. दोन्ही हात पिशव्यांवर ठेवून बसले. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी पिशवीवर ठिबकत होतं, ते घामाचं नव्हतं. खरं सांगते, मलाही कसंतरी झालं.

संध्याकाळी मी एकटी अलकाकडे गेले. सामान बांधलेलंच होतं, तिचं जिंतूरचं जाणं कार्तिकीच्या शाळेच्या दाखल्यासाठी अडलं होतं. मी खिडकीशी तोंड नेऊन, अगदी हळू, म्हातारीचा निरोप सांगितला. एवढंच सांगितलं, ये म्हणाले नाही. माझी जीभ किती वळवळत होती ते माझं मला ठाऊक.

बोलली ती कार्तिकी. मशीनमागून.

“आई, मला बाबांना बघायचंय.”

चौथा गुरुवार. सकाळपासून मी रस्त्याकडे बघून बघून मान अवघडून घेतली होती. साहेब माठ भरून बैठकीवर बसले होते. एसटी थांबली. आधी कार्तिकी उतरली, मग अलका. हातात मोबाइल, आणि काखेत एक गाठोडं. जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेलं, वर घट्ट गाठ.

ती आत्याकडे बघत सरळ येत होती. साहेबांना पाहिलं आणि थबकली.

आत्या उठली. गुडघे धरून, काठी टेकत उठली आणि मला म्हणाली, “जिजे, चल, मला जरा त्या नळापाशी ने.”

मी म्हणणार होते, आत्या, आत्ता? तिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी मुकाट चालू लागले. पण नळ दहा पावलांवर, आणि माझे कान चांगले आहेत.

अलका उभीच. खिडकीवर नावं पुकारत होते. कुठं ठेवणार? टपरीवाला होता, आणि हे होते.

साहेबांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. गोणपाटाच्या बैठकीवरून थोडे बाजूला सरकले, माठाच्या फडक्यानं एक जागा पुसली.

“पाणी देऊ का, ताई?” ते म्हणाले. इतक्या हळू, की मला ओठांवरून कळलं.

...

अलकानं पाणी घेतलं नाही. कार्तिकीनं घेतलं.

मग अलकानं मोबाइल ठेवला, गाठोडं ठेवलं, आणि गाठीवर बोट ठेवून म्हणाली, “हे उघडायचं नाही.”

साहेबांनी मान हलवली.

माय-लेकी आत गेल्या. दीड तास लागला त्या दिवशी, आणि आत्या काही नळापासून हलली नाही. दीड तास तो माणूस त्या गाठोड्यावर हात ठेवून बसला होता. दाबून नाही, नुसता ठेवून. मला विचाराल तर मी एव्हाना दोनदा चाचपलं असतं. मऊ होतं की कडक, डबा होता की कापड, मला आजतागायत ठाऊक नाही आणि तो सल माझ्या मनात आहे.

त्या बाहेर आल्या. अलकाचे डोळे सुजलेले, पण चालीत ताकद होती. कार्तिकी पुढे पळत आली आणि साहेबांनाच सांगू लागली. कोण समोर असेल त्याला सांगायचं होतं तिला.

“बाबा बारीक झालेत. त्यांनी विचारलं, ट्रक मोजतेस का अजून. मी सांगितलं, आता नाही मोजत, आता मी इथंच येणार.”

साहेबांनी तिला पाणी दिलं.

अलकानं गाठोडं उचललं. गाठ निरखून पाहिली, उलटसुलट करून. तिचीच गाठ होती.

“उघडलं नाहीत?”

“नाही.”

“आत काय आहे, विचारणार नाही?”

“नाही, ताई.”

ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. रस्त्यानं दोन गाड्या गेल्या.

“पुढच्या महिन्यात यांची तारीख आहे,” ती म्हणाली. “रविवारी प्रार्थना करा.”

आत्यानं नळाची तोटी बंद केली.

साहेबांनी हात जोडले. मग तोंडातून आलं ते असं आलं की कुणी शिकवलेलं नव्हतं, कुणाची नक्कल नव्हती.

“उपकार झाले, ताई.”

एकवीस वर्षं आत्या ते का म्हणते, ते मला त्या घटकेला कळलं. अकरा वर्षांपूर्वी मी तिच्यापुढे पिशवी ठेवली, तेव्हा मी तिला काय देऊन गेले होते ते मला ठाऊकच नव्हतं. मी तिथंच नळाला टेकून रडले. आत्या म्हणाली, “पुरे, आता माठ भरायचाय.”

जिंतूरचं बांधलेलं सामान सुटलं की नाही, ते मी विचारलं नाही. पण शुक्रवारी मशीनचा आवाज येत होता. मी माझं एक पोलकं शिवायला टाकून आले, गरज नसताना.

रविवार आला. चर्च भरलेलं. आत्या पुढच्या बाकावर, मी तिच्याशेजारी. आणि मागच्या दाराशी, चपला न काढता, अलका उभी होती, कार्तिकीचा हात धरून. ती कधी चर्चला आली नव्हती. माणसाची सवय इतक्या लवकर जाते का? आता हे नाव घेतात की काय?

विनंत्यांची वेळ आली. साहेबांनी वाचलं, मार्था चौधरींचं गुडघ्याचं ऑपरेशन. वाचलं, दोन मुलांची दहावी. मग कागद मिटला. माइक बंद करून बाजूला ठेवला. गुडघे टेकले.

आणि गप्प राहिले.

...

मंडळी वाट बघू लागली. कुणी खोकलं. एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, लाइट गेली का. कुणाला वाटलं साहेब विसरले. बराच वेळ गेला. बाहेर गल्लीत सायकलची घंटी वाजली, तीही आत आली.

साहेबांचे खांदे हलत होते. ओठ हलत नव्हते.

मी हळूच मागे पाहिलं. अलकानं डोळे मिटले होते. तिला ठाऊक होतं, त्या भरल्या चर्चमध्ये तिला एकटीला ठाऊक होतं, आत्ता कुणाचं नाव चाललंय. कार्तिकीनं आईकडे पाहिलं आणि आपलेही हात जोडले.

“आमेन,” साहेब म्हणाले.

उपासना संपली. साहेब रिवाजाप्रमाणे दाराशी उभे राहिले. अलका आधीच निघून गेली होती. लोक हात मिळवत होते. एक-दोघांनी जरा नाराजीनंच विचारलं, आज तब्येत बरी नाही का.

आमची पाळी आली. आत्यानं काठी माझ्याकडे दिली, दोन्ही हातांनी साहेबांचा हात धरला. साहेबांनी आज काही विचारलं नाही.

आत्याच बोलली. आजवर तिनं त्यांना पाळकसाहेब सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

“शमुवेल बाळा,” ती म्हणाली, “आज ऐकू आली रे प्रार्थना.”